सरांच्या झोपेच्या वेळचं व्याख्यान

परिषद भरवायचं ठरलं तेव्हा आमच्या विभागात सगळ्यांच्या अंगात उत्साह संचारला. हा उत्साह मी चांगला ओळखतो. पहिल्या बैठकीला तो खोलीत मावत नाही, दुसऱ्या बैठकीला त्याला दुसरीकडे कुठेतरी जायचं असतं, आणि तिसऱ्या बैठकीला टेबलाभोवती मी आणि माझी बायको असे दोघंच उरतो.

आम्ही दोघं एकाच गणित विभागात शिकवतो. ती टोपॉलॉजीवाली. म्हणजे एखादा आकार ताणला, वाकवला, चुरगळला तरी त्यात काय टिकून राहतं ते बघणारी. मी गतिक प्रणालीवाला. म्हणजे एखादी गोष्ट ठरलेल्या नियमाने हलतच राहिली तर शेवटी तिचं काय होतं ते बघणारा. घरात या दोन्ही विद्यांचा उपयोग शून्य. पलंगावरची चादर चुरगळली तर ती म्हणते चादर तीच आहे, मी म्हणतो ही अशीच राहिली तर महिन्याने हिचं काय होईल ते बघण्यासारखं आहे, आणि चादर काही कोणी झटकत नाही.

परिषद सरांच्या पंचाहत्तरीसाठी होती. सर म्हणजे हिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. मी त्यांचा विद्यार्थी नाही, पण हिच्याशी लग्न केल्यापासून ते मला 'जावई' म्हणतात आणि जावयाला बोलावं तसंच बोलतात, म्हणजे गोड आवाजात आणि संशयाने. सरांचं नाव मोठं आहे ते त्यांच्या अटकळीमुळे. आमच्याकडे अटकळ म्हणजे जे खरं असणारच असं वाटतं, पण अजून कोणी सिद्ध केलेलं नाही असं विधान. सरांची अटकळ समजायला सोपी आहे, आणि लोकांचा जीव तिथेच जातो. समजा, एका विशिष्ट जातीचं गाव आहे. ती जात कुठली हे सांगायला मला फळा लागेल, तेव्हा ते सोडून द्या. गावातली सगळी माणसं एका नियमाने सतत चालत आहेत, कोणी थांबत नाही. सर म्हणतात, नियम कुठलाही लावा, निदान एक तरी माणूस असा निघेलच जो फिरून फिरून नेमका आपल्या जागी परत येतो. यावर भल्याभल्यांनी डोकं फोडून घेतलं. कोणाला हे सिद्ध करता आलं नाही आणि कोणाला मोडताही आलं नाही.

हिने मोडलं होतं.

हिने असं एक गाव आणि असा एक नियम शोधून काढला होता की त्यात कोणी म्हणजे कोणीच परत येत नाही. अटकळ मोडायला असं एक उदाहरण पुरतं. मी ते उलटसुलट तपासलं, चूक सापडावी म्हणून अगदी सासू सुनेचा स्वयंपाक तपासते तसं तपासलं. चूक नव्हती. एखाद्या गणितज्ञाच्या आयुष्यात असं एकदा घडलं तरी तो उरलेलं आयुष्य तोऱ्यात काढतो. ही मात्र घरात चोरासारखी वावरू लागली.

"सरांना सांग," मी म्हणायचो.

"सांगणार आहे."

"कधी?"

"योग्य वेळ बघून."

एकदा ती सांगायला म्हणून मुद्दाम त्यांच्या गावी गेली. सरांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर पट्टी, उशाशी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी. सरांनी हिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "माझी अटकळ कशी आहे?" सासरी दिलेल्या मुलीची चौकशी करावी तशी. ही म्हणाली, "छान आहे, सर," आणि काकूंनी केलेला चहा पिऊन परत आली. त्यानंतर मी बरेच दिवस तो विषय काढला की ती भांडी घासायला घ्यायची. आमच्याकडे भांडी घासायचं काम खरं तर माझ्याकडे आहे, त्यामुळे मीही विषय वरचेवर काढायचो.

पण आता गप्प राहणं परवडणार नव्हतं. दुसऱ्या एका विद्यापीठातला एक दाढीवाला त्याच वाटेने निघाला होता, आणि तो आज ना उद्या पोहोचणार हे दिसत होतं. या परिषदेत उभं राहून जाहीर करणं भाग होतं. म्हणजे सरांच्या पंचाहत्तरीला, सरांच्या समोर, सरांची अटकळ मोडायची.

"त्यांच्याकडे आता दुसरं आहे काय?" ती एकदा मला म्हणाली. "तेवढ्या एका गोष्टीवर ते उभे आहेत. ती मी काढून घेऊ?"

मी भांडी घासायला घेतली.

वेळापत्रकाच्या बैठकीला आम्ही चौघं होतो. विभागप्रमुख, आम्ही दोघं आणि गाठोबा. गाठोबा म्हणजे आमचा सहकारी, गाठींचं गणित करणारा. दोरीला किती तऱ्हेने गाठ पडू शकते यावर तो तासन्‌तास बोलू शकतो आणि बोलतो. पाहुण्यांच्या अटी वाचूनच आम्हाला घाम फुटला. एकाला सकाळी बोलता येत नाही, एकाला फक्त सकाळीच बोलता येतं. एका बाईंना गाठोबाच्या पाठोपाठ बोलायचं नाही, कारण तो दुसऱ्याची वेळ खातो. फळ्यावर लिहून बोलणारे आणि पडद्यावर चित्रं दाखवून बोलणारे यांचं आपसात पटत नाही. फळेवाले म्हणतात पडदेवाले लबाड, पडदेवाले म्हणतात फळेवाले आळशी. त्यात सरांची दुपारची झोप.

सरांची झोप आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. परिषद कुठेही असो, सर घड्याळ बघून जेवतात, घड्याळ बघून झोपतात आणि चहाच्या वेळी ताजेतवाने होऊन पहिल्या रांगेत येऊन बसतात. जागे असले की असा प्रश्न विचारतात की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळतं. त्यामुळे ज्याला आपल्या सिद्धतेची पूर्ण खात्री नसते तो जेवणानंतरची पहिली वेळ मागून घेतो. ती वेळ नेहमी सगळ्यात आधी भरते.

बरीच डोकेफोड झाल्यावर गाठोबा उठून फळ्यापाशी गेला. "समजा, सगळ्यांच्या अटी पाळणारं वेळापत्रक नाहीच," तो म्हणाला.

आम्ही सगळे सावरून बसलो. पुढचा अर्धा तास काय सांगावा! असं वेळापत्रक नाही असं मानलं तर अमुक होतं, अमुक झालं तर तमुक होतं, आणि तमुक तर होऊच शकत नाही. म्हणजे वेळापत्रक आहे. प्रमुख "सुंदर!" म्हणून उभे राहिले. हिने सिद्धतेतल्या दोन ओळी कमी केल्या. मी दाखवून दिलं की परिषद कितीही दिवसांची असली तरी हे खरंच आहे. आम्ही एकमेकांचं कौतुक करत चहाला गेलो आणि चहा पिऊन आपापल्या घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात छापखान्यातून फोन आला. "साहेब, वेळापत्रकाचं काय?"

"आहे," मी म्हणालो.

"मग पाठवा ना."

"नाही, म्हणजे ते असतंच. आम्ही सिद्ध केलंय."

मग तो हळूच म्हणाला, "साहेब, मला ते कागदावर लागेल."

मी कपाळाला हात लावला. वेळापत्रक आहे एवढं आम्हाला पक्कं ठाऊक होतं, पण ते कुठलं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. प्रमुखांनी हात वर केले, गाठोबाने "माझं काम झालं" म्हणून सांगितलं, आणि ते लचांड माझ्या गळ्यात पडण्याआधी ही म्हणाली, "मी करते." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. ही स्वतःहून असलं काम घेणाऱ्यातली नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या मांडून तिने ते करून टाकलं, सगळ्यांच्या अटी पाळून, आणि मी बायकोच्या बुद्धीचं कौतुक करत झोपून गेलो.

छापून आलं तेव्हा मी पाहिलं. दुसरा दिवस, जेवणानंतरचं पहिलं व्याख्यान. खाली हिचं नाव. विषय: 'एक उदाहरण'.

"एक उदाहरण?" मी म्हणालो. "चाळीस वर्षांचा डोलारा पाडतेयस आणि विषय काय तर एक उदाहरण?"

"आहेच ते उदाहरण."

"आणि वेळ सरांच्या झोपेची."

ती कपाटातले टॉवेल काढून पुन्हा तशाच घड्या घालू लागली. "लोकांसमोर नको रे," ती म्हणाली. "लोकांना तिथे सांगते. सरांना नंतर सांगेन, एकटं गाठून, हळूहळू."

"सरांना सोडून सगळ्या जगाला कळणार, आणि सर खोलीत घोरत असणार. हे चांगलं दिसतं?"

"तू यात पडू नकोस."

मी पडणार नाही असं कबूल केलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस काहीही कबूल करतो.

पहिला दिवस झकास गेला. म्हणजे माईक शिट्या मारत होता, एका पाहुण्याची बॅग आली आणि पाहुणा आला नाही, चहाबरोबरची बिस्किटं उद्घाटनाआधीच संपली. पण परिषदेला हे चालायचंच. उद्घाटनाला सर बोलायला उभे राहिले. अंगाने वाळलेत, पण आवाज तसाच खणखणीत. थोडं जुनं, थोडं नवं सांगितलं, दोन-चार लोकांना चिमटे काढले, आणि शेवटी म्हणाले, "आता माझं काही उरलेलं नाही. गुडघे गेले, दात गेले, अर्धे मित्र गेले. अटकळ तेवढी शाबूत आहे."

सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. माझ्या शेजारी ही उभी राहून टाळ्या वाजवत होती. जोरजोरात. चेहरा पांढरा पडलेला, डोळे कुठेतरी भलतीकडे लागलेले, आणि हात आपले टाळ्या वाजवतायत. तिची कीव यायला हवी होती, पण मला राग आला. एवढा शहाणा माणूस सगळ्यांसमोर खोट्या गोष्टीवर अभिमानाने उभा आहे, आणि ती खोटी आहे हे ठाऊक असलेली दोन माणसं टाळ्या वाजवतायत. दोन, कारण मीही वाजवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाला कुलूप. किल्ली प्रमुखांकडे. प्रमुख आले, खिसे चाचपले आणि त्यांचा चेहरा पडला. किल्ली कालच्या पँटीत राहिली होती. घरी फोन केला, तर कालची पँट वॉशिंग मशीनमध्ये, आणि त्या मशीनचं दार कपडे पिळून झाल्याशिवाय उघडत नाही. प्रमुखांची बायको फोनवर सांगत होती, "आत गोल फिरतेय, मला दिसतेय, पण मी काय करू?" जगभरातले नामांकित गणितज्ञ बाहेरच्या व्हरांड्यात उभे राहिले. त्यांना काहीच फरक पडला नाही. एकाने खिशातून खडू काढला आणि सभागृहाच्या दारावरच लिहायला सुरुवात केली.

किल्ली आली, स्वच्छ आणि सुवासिक. पण सकाळचं सगळं पुढे सरकलं. मी वीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आलोय की सुरुवातीला जराशी चूक झाली तर ती वाढत वाढत कुठल्या कुठे जाते, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा योग असा क्वचित येतो.

ही चहाच्या टेबलापाशी मला गाठून म्हणाली, "चहा लवकर आटप. जेवणाची सुट्टी अर्धी करू. माझं व्याख्यान ठरल्या वेळी सुरू व्हायलाच हवं." मी मान डोलावली. त्या दिवसाच्या सगळ्या सत्रांचा अध्यक्ष मीच होतो. अध्यक्षाचं काम एवढंच की वक्त्याची वेळ संपली की टेबलावरची घंटा वाजवायची. सकाळचा शेवटचा वक्ता होता गाठोबा.

गाठोबा दोर घेऊन आला होता. खराखुरा, जाडजूड. त्याने पहिली गाठ घातली, सोडवली, दुसरी घातली. मधेच सरांनी घड्याळ पाहिलं, काकूंनी पर्स उचलली, आणि दोघं विद्यापीठाच्या अतिथिगृहाकडे निघून गेली. जेवण आणि झोप. इकडे गाठोबाची वेळ संपली. माझा हात घंटेकडे गेला. आणि तिथेच राहिला.

मागच्या दारात ही उभी होती. तिने मनगटाकडे बोट दाखवलं. मी हसलो. तिने दोन्ही हात हलवले. मीही प्रेमाने हात हलवला. तिने गळ्यावरून बोट फिरवलं, ते गाठोबासाठी होतं की माझ्यासाठी हे मला कळलं नाही. गाठोबाला मात्र स्वतःच चुकल्यासारखं झालं. त्याने विचारलं, "वेळ झाली असेल ना?"

"छे, छे," मी म्हणालो. "सावकाश. ती तिसरी गाठ नीट दाखव."

आयुष्यात त्याला असं कोणी म्हणालं नव्हतं. मग त्याने तिसरी दाखवली, चौथी दाखवली, पाचवी घालताना दोर त्याच्याच हाताला अडकला आणि तो सोडवायला पहिल्या रांगेतले दोघं उठले.

जेवणाच्या रांगेत हिने मला कोपऱ्यात ओढलं. "तू मुद्दाम केलंस."

"मी? किल्ली, वॉशिंग मशीन..."

"आणि घंटा?"

"घंटा वाजली नाही."

ती माझ्याशी भांडण्यात वेळ न घालवता उद्या जेवणानंतर बोलणाऱ्या बाईंकडे धावली, वेळ बदलून घेता का म्हणून. बाईंनी छापलेला कागद पुढे धरला. त्यांच्या मते छापलं ते छापलं. ही परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सरांना काही झालं ना," ती म्हणाली, "तर मी तुला जन्मात माफ करणार नाही." आणि माझी सगळी मस्ती तिथेच उतरली. म्हातारा माणूस, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मित्र गेलेले. मी काय करून बसलो? मी पळत जाऊन पुन्हा सगळं जागच्या जागी आणायचा प्रयत्न केला, लोकांना घाई केली, एकाच्या हातातली ताटली अर्धवट असतानाच काढून घेतली. गणितज्ञांना घाई होत नाही. ते सगळे सभागृहात येऊन बसले तेव्हा बाहेर चहाची किटली आली होती, आणि किटलीच्या मागोमाग, ताजेतवाने, तोंड धुतलेले, सर.

"अरे वा," सर पहिल्या रांगेत बसत म्हणाले. "जावई, मला वाटलं हिचं हुकलं. नशीब माझं."

ही फळ्यापाशी उभी राहिली. खडू पडला. उचलला, पुन्हा पडला. मग तिने अशी सुरुवात केली की गाठोबासुद्धा लाजला असता. बिंदू म्हणजे काय, रेषा म्हणजे काय, आकार म्हणजे काय. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात ते सगळं. ती वेळ काढत होती. काढता काढता वेळ संपेल आणि सांगायचं राहून जाईल, असा तिचा डाव होता.

"हे मीच तुला शिकवलंय," सर म्हणाले. "पुढे."

ती पुढे गेली. तिने गाव काढलं. नियम लिहिला. मग गावाच्या मधोमध एक वळणावळणाचा बोळ काढला आणि म्हणाली, "आता जो कोणी आपल्या जागी परत यायला निघाला आहे, तो या बोळात शिरतो."

ज्यांना कळायचं होतं त्यांना तेवढ्यानेच कळलं. सर पुढे झुकले, मग उठले, काठी खुर्चीला लावून ठेवली आणि थेट फळ्यापाशी गेले. हिच्या हातातला खडू घेतला.

"इथून शिरला," सर म्हणाले. "इथून बाहेर पडेल. पडला की जागेवर."

"बाहेर पडतच नाही, सर."

"मग आत घुटमळतोय. आतला एखादा तरी फिरून जागेवर येईल."

"आतही नाही."

"असं कसं? इकडून गेला तर?"

"अहो सर, तिकडे नाही, इकडे बघा!" ही चक्क त्यांच्यावर ओरडली. त्यांच्या हातातून खडू परत घेतला आणि भराभर काढू लागली. आता ती घाबरलेली नव्हती. ती दाखवत होती आणि सर अडवत होते, ती म्हणे हे असं, ते म्हणत पण तसं झालं तर, आणि दोघांच्याही कोपरांना, नाकाला, सरांच्या कोटाला खडू लागला होता. आम्ही बाकीचे तिथे आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग एकदा सरांनी विचारलं आणि हिने उत्तर दिलं, आणि सरांना पुढचा प्रश्न सुचला नाही.

त्यांनी फळ्यावरच्या बोळावरून एकदा बोट फिरवून पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बरोबर आहे. पडली." आणि जाऊन खुर्चीत बसले. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच कळेना. अध्यक्ष मीच होतो. "काही प्रश्न?" एवढंच अध्यक्षाने म्हणायचं असतं, तेवढं मी कसंबसं म्हणालो.

सरांनी हात वर केला. "एकच. हे तुला कधी सापडलं?"

हिने हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

"आत्ता? गेल्या महिन्यात?"

"दोन वर्षं झाली, सर."

मला वाटलं सर आता रडतील. मी उठून पाण्याची बाटलीसुद्धा हातात घेतली. पण सर रडले नाहीत, सर भडकले. इतके भडकलेले मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

"दोन वर्षं!" ते म्हणाले. "माझं वय काय आहे माहितीये ना तुला? पोस्टरवर छापलंयस की मोठ्या अक्षरात! रोज सकाळी उठून मी हे सिद्ध करायला बसतो. रोज. तुझ्या काकूंना विचार. चहा गार होतो, हाक मारली तर मी ओ देत नाही. मला वाटायचं जरासंच राहिलंय. दोन वर्षं मी भिंतीला धडका मारतोय, आणि तिला दारच नाही हे तुला ठाऊक होतं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." ही म्हणाली.

"वाटलंच असतं वाईट! एक दिवस वाटलं असतं, फार तर आठवडाभर. मग मी दुसरं काहीतरी सुरू केलं असतं." सरांचा आवाज खाली आला. "अगं, तरुण माणसापासून लपव एक वेळ. त्याच्याकडे वेळ असतो."

ही फळ्याला टेकून उभी होती आणि रडत होती, सगळ्यांसमोर, खडूने माखलेल्या हातांनी डोळे पुसत. मला तिच्याकडे जावंसं वाटलं, पण काकूंनी मला मानेनेच थांबवलं.

"आणखी काही आहे?" सरांनी विचारलं. "लपवलेलं?"

मी मनात म्हटलं, आता काय असणार, जे होतं ते सगळं फळ्यावर आहे. पण तिने नाक पुसलं आणि मान वर केली.

"एक आहे," ती म्हणाली.

हे मलाही माहीत नव्हतं.

"तुमच्या पुस्तकातलं सहावं प्रकरण. त्यातलं मुख्य प्रमेय. ते चुकलंय, सर."

सभागृहात हाहाकार उडाला. त्या पुस्तकावर आम्ही सगळे वाढलो. सहावं प्रकरण मी स्वतः यंदा वर्गात शिकवत होतो, मोठ्या रुबाबात. गाठोबाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. काकूंनी डोळे मिटले.

सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला.

"हे कधी कळलं?"

"काल," ही म्हणाली. "तुमचं भाषण चालू असताना."

"मग ठीक आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची ओढून फळ्याजवळ घेतली. "बोल."